व्हिसाचा एसओपी लिहिताय? मग या चुका टाळा

मे-जून आला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडून मुलांचे निरोप सुरू होतात. "सर, उद्या फाईल घालायची आहे, आज रात्रीत तेवढा एसओपी बघून देता काय?" एसओपी म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज, हा कोर्स का करायचा ते सांगणारं पत्र. ते उघडावं तर पहिली ओळ तीच: लहानपणापासून मला यंत्रांची आवड आहे. कॉम्प्युटरची मुलगी असेल तर यंत्रांच्या जागी तंत्रज्ञान. पुढे कॉलेजच्या वेबसाइटवरून उचललेला परिच्छेद, मग त्या देशाचं कौतुक, आणि शेवटी मायदेशी परतून सेवा करण्याची शपथ. वर्षानुवर्षं हेच वाचतोय, म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

हे पत्र कोण वाचणार, ते आधी डोक्यात पक्कं करा. व्हिसा अधिकाऱ्याने खानापूर पाहिलेलं नाही आणि बेळगावची औद्योगिक वसाहत उद्यमबाग त्याला माहीत नाही. त्याच्यापुढे तुमची मार्क्स कार्डं, बँकेचं स्टेटमेंट आणि ऑफर लेटर असतं. हा कोर्स, या टप्प्यावर, एवढा पैसा घालून करण्यात काही अर्थ दिसतो का आणि सगळे कागद एकमेकांशी जुळतात का, एवढंच त्याला ठरवायचं असतं. जे कागदांतून कळत नाही ते पत्रात सांगायचं. त्याला सुंदर इंग्रजी नको आहे.

गॅप (मधली रिकामी वर्षं) लपवणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक ही. आणि बहुतेक वेळा ती मुलाची नसते, त्याला कुणीतरी शिकवलेली असते.

खानापूर तालुक्यातला एक मुलगा. मराठी शाळा, मग गावचं हायस्कूल, बेळगावात पीयूसी (अकरावी-बारावी), व्हीटीयू या तंत्रशिक्षण विद्यापीठाच्या कॉलेजातून मेकॅनिकल. डिग्री झाल्यावर दोन वर्षं उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत कामाला होता. सुरुवातीला पगार रोख हातात, नंतर बँकेत. कॅनडातल्या एका कॉलेजात गुणवत्ता नियंत्रणाच्या कोर्सला त्याला प्रवेश मिळाला. एजंटाने सांगितलं, "फौंड्री-बिंड्री काही लिहू नको. तुझ्याकडे अपॉइंटमेंट लेटर नाही, उगाच प्रश्न निघतील. दोन वर्षं आयईएलटीएसची, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी केली म्हणून घालू." तसंच घातलं. व्हिसा नाकारला गेला.

नंतर फाईलवरच्या अधिकाऱ्याच्या नोंदी मागवल्या. त्यात दोनच मुद्दे होते. दोन वर्षांच्या रिकाम्या काळाचा पटणारा खुलासा नाही, आणि मेकॅनिकलची डिग्री हातात असताना या कोर्सचा अर्जदाराला काय उपयोग, ते दिसत नाही. दोन्ही बरोबर होते. इंजिनिअर झालेला मुलगा दोन वर्षं फक्त इंग्रजीची परीक्षा देत बसला, हे कोण मानेल?

मग तो माझ्याकडे आला. मी पत्र बाजूला ठेवलं आणि म्हटलं, "मला मराठीत सांग, फौंड्रीत तू करायचास काय?" आधी लाजला. मग सुटला तो थांबेना. पंपाची केसिंगं आणि व्हॉल्व्ह बॉडी ओतायचे. पावसाळ्यात वाळूतला ओलावा सांभाळणं कठीण जायचं, ओतताना त्याची वाफ होऊन कास्टिंगला ब्लो होल (आत हवेच्या पोकळ्या) पडायची आणि रिजेक्शन वाढायचं. मालक ओतणाऱ्यांवर ओरडायचे. या पोराने स्वतःच्या वहीत रोजची नोंद ठेवायला सुरुवात केली: वाळूचा ओलावा किती, माल किती ओतला, किती नापास झाला. थोड्या महिन्यांत त्याला कळलं की दोष ओतणाऱ्या माणसांचा नाही, वाळू तपासण्याच्या पद्धतीचा आहे. पण ते आकडेवारीने कसं मांडायचं हे त्याला येत नव्हतं, आणि नेमकं तेच त्या कोर्समध्ये शिकवतात.

ही वही त्याच्या घरी पडून होती, आणि एसओपीत लिहिलं होतं की लहानपणापासून यंत्रांची आवड! अधिकाऱ्याला हवं होतं ते सगळं त्या दोन वर्षांत होतं. कोर्स का, आत्ताच का, आणि परत आल्यावर काय, तिन्ही उत्तरं तिथेच. एजंटाने नेमका तोच भाग कापला.

दुसऱ्या वेळी मालकांकडून लेटरहेडवर पत्र घेतलं: कधीपासून कधीपर्यंत, काम काय, पगार किती, कुठल्या तारखेपर्यंत रोख आणि पुढे बँकेत. बँकेतल्या पगाराच्या नोंदी जोडल्या. पहिल्या अर्जात ही नोकरी का नव्हती, तेही त्याने सरळ लिहिलं. एजंटाचं नाव काढून रडगाणं गायलं नाही. चुकीचा सल्ला मानला, खरी माहिती ही, सोबत हे कागद, एवढंच. व्हिसा मिळाला, पण एक इनटेक (प्रवेशाची फेरी) गेला, आणि वडिलांनी पतसंस्थेतून काढलेल्या पैशावर तेवढे महिने व्याज चढलं.

तरी तो थोडक्यात वाचला. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर ५ वर्षं त्या देशाचं दार बंद होतं. बनावट अनुभवपत्र काढून देणारे आपल्याकडेही भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका, पैसे परत मागायलाही तो माणूस सापडत नाही.

गॅप असेल तर लिहा. घरी आजारपण होतं, शेती बघितली, केपीएससीची (कर्नाटकातली सरकारी नोकरीची परीक्षा) तयारी केली आणि झालं नाही, भावाच्या दुकानात बसलो, काहीही असो. तारखा घालून दोन-तीन वाक्यांत सांगा आणि मिळेल तो कागद जोडा. बॅकलॉगचंही (राहिलेल्या विषयांचंही) तेच. मार्क्स कार्डावर दिसतोच, तर एका ओळीत कारण द्या आणि पुढे जा.

पैशाचा परिच्छेद उरकून टाकणं

"माझे वडील शेतकरी असून त्यांचं उत्पन्न पुरेसं आहे." आपल्या भागातल्या मुलांच्या पत्रात पैशाबद्दल बहुधा एवढंच असतं. आपल्याकडचा शेतीचा पैसा बाहेरच्या माणसाला समजावून सांगितल्याशिवाय कळत नाही, हे कुणी लक्षात घेत नाही. उसाचं बिल कारखान्याकडून हप्त्यांनी येतं, कधी उशिरा येतं. निपाणीकडे तंबाखूचा पैसा एका हंगामात येतो. शेती उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून रिटर्न भरलेलं नसतं किंवा त्यात आकडा बारीक असतो. अधिकाऱ्याला दिसतं ते असं: खात्यात वर्षभर तीस-चाळीस हजार, आणि अर्जाच्या आधी अचानक बारा लाख. मामाने दिले असतील, दागिने गहाण टाकले असतील, ऊस गेला असेल. त्याला कसं कळणार?

आकडे छोटे नाहीत. १ सप्टेंबर २०२५ पासून कॅनडा एकट्या विद्यार्थ्याकडून पहिल्या वर्षाच्या राहण्याखाण्यासाठी २२,८९५ कॅनडियन डॉलर दाखवायला सांगतो, फी आणि विमानभाडं वेगळं. जर्मनीच्या ब्लॉक्ड अकाउंटला (आधी पैसा भरून ठेवायचा आणि दरमहा ठराविकच काढता येतो असं खातं) सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो लागतात. हे आकडे बदलत राहतात, म्हणून अर्ज घालायच्या आठवड्यात त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. एजंटाच्या भिंतीवरचा तक्ता बघू नका.

माझी सवय अशी की पत्राच्या आधी पैशाचं एक पान करायला लावतो. कोण देणार, त्याचं तुमच्याशी नातं काय, किती देणार, तो पैसा कुठून आला आणि त्याचा कागद कुठला. ऊस असेल तर एकर, कारखान्याची बिलं, पासबुकातल्या जमेच्या तारखा. मोठी रक्कम नुकतीच जमा झाली असेल तर तिचा उगम एका वाक्यात. शैक्षणिक कर्ज असेल तर मंजुरीपत्र. हे पान झालं की पत्रातला परिच्छेद आपोआप सहा-सात ओळींचा होतो.

जमिनीचं जरा जास्त सांगतो, कारण इथे घोळ फार. उतारा आजोबांच्या नावावर, वाटणी झालेली नाही, त्यावर काकांचीही नावं. मुलगा लिहितो, "आमची आठ एकर जमीन आहे." अधिकारी उताऱ्यावर वडिलांचं नाव शोधतो आणि त्याला ते सापडत नाही. तेव्हा सामाईक जमीन आहे असंच लिहा, वडिलांचा हिस्सा सांगा, वंशावळ जोडा आणि त्या हिश्श्याचं उत्पन्न वडिलांच्या खात्यात कसं येतं ते दाखवा. सीमाभागातल्या बऱ्याच घरांची थोडी जमीन इकडे, थोडी चंदगड-गडहिंग्लजकडे असते. इकडचा उतारा कन्नडमध्ये, तिकडचा सातबारा मराठीत. दोन्हींचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं, आणि दोन राज्यांत जमीन कशी याचं एक वाक्य पत्रात लागतं. आपल्याला यात काही विशेष वाटत नाही, म्हणूनच ते लिहायचं राहून जातं.

व्याजाने "फंड दाखवून देतो" म्हणणाऱ्यांकडे जाऊ नका. अर्ज झाल्यावर पैसा काढून घेतला जातो, बँकेत चौकशी झाली की उघडं पडतं, आणि तोवर वर म्हटलेलं कलम ४० आडवं येतं.

सगळ्या देशांना एकच पत्र

नाव बदललं की झालं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे नीट वाचावं. अमेरिकेला एसओपी जातो तो विद्यापीठाकडे. व्हिसाचा निकाल लागतो तो मुंबई, चेन्नई किंवा हैदराबादला मुलाखतीच्या खिडकीपुढे, तिथे तोंडाने सांगता आलं पाहिजे. ऑस्ट्रेलियाने २३ मार्च २०२४ पासून जुनी 'तात्पुरतं राहणार' ही अट काढून 'खरा विद्यार्थी' ही अट आणली. आता अर्जातच प्रश्न असतात आणि प्रत्येक उत्तराला १५० शब्दांची मर्यादा. तिथे दोन पानी शपथपत्र चिकटवून उपयोग नाही. जर्मनीचं मोटिव्हेशन लेटर वेगळं, त्याआधी एपीएसचं, म्हणजे तुमचे शिक्षणाचे कागद तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाचं, प्रमाणपत्र हातात लागतं. कॅनडाची एसडीएस, म्हणजे विद्यार्थी व्हिसा लवकर देणारी योजना, ८ नोव्हेंबर २०२४ ला बंद झाली, तरी त्यानंतरही मी "एसडीएसखाली अर्ज करत आहे" असं लिहिलेली पत्रं वाचली आहेत. पत्र कुठून उचललं ते तिथेच कळतं.

परत येण्याबद्दल थोडं. कॅनडाला अभ्यास संपल्यावर तुम्ही निघाल याची खात्री हवी असते, पण पुढे कायद्याने कायम राहण्याची इच्छा असणं तिथल्या कायद्यात गुन्हा नाही. त्यामुळे मातृभूमीच्या शपथा काढा. इकडे तुमचं काय आहे ते लिहा: वडिलांचं वर्कशॉप, हत्तरगीच्या सेझमधलं (विशेष आर्थिक क्षेत्रातलं) किंवा उद्यमबागेतलं कुठलं काम हा कोर्स करून मिळू शकतं, तिथे आज कशाची कमतरता आहे. कंपनीत जाऊन विचारून या. ते करायला कुणी तयार नसतं, कारण त्यात दोन दिवस जातात. इतक्या लाखांच्या निर्णयाला दोन दिवस नसतील तर घाई कसली आहे, ते तरी स्वतःला विचारा.

बाकीच्या चुका थोडक्यात.

तिकडे मावशी किंवा चुलतभाऊ असेल तर लपवू नका, फॉर्ममध्ये विचारलं असेल तर उत्तर द्या.

१ नोव्हेंबर २०१४ च्या आधीच्या कागदांवर बेलगाम, नंतरच्यांवर बेळगावी. पत्रात एकदा खुलासा करा. एसएसएलसीच्या (दहावीच्या) कार्डावर आणि पासपोर्टवर नावाची मांडणी वेगळी असेल तर त्याचाही.

मराठी माध्यम खोडू नका. खेड्यातल्या मराठी शाळेतून कर्नाटक बोर्डात आणि तिथून इंजिनिअरिंगला आलेल्या मुलाने त्या प्रवासाची लाज बाळगावी, हे मला बघवत नाही. इंग्रजीचं उत्तर तुमचा आयईएलटीएसचा स्कोअर देतो.

चॅटजीपीटीकडून व्याकरण तपासून घ्या, हरकत नाही. पण त्याला वाळूतला ओलावा माहीत नाही. तो तुमच्याऐवजी लिहितो तेव्हा परत यंत्रांची आवडच लिहितो.

दोन पानांच्या वर जाऊ नका.

लिहायला बसायच्या आधी घरातल्या कुणालातरी, आईला, आजीला, मराठीत सांगून बघा: मी काय शिकायला चाललोय, का, आणि पैसा कुठला. त्या जिथे "म्हणजे काय रे?" म्हणतील तिथे अधिकारीही अडेल. मग इंग्रजीत लिहा. लिहून झालं की प्रिंट काढा आणि प्रत्येक दाव्यापुढे पेन्सिलीने त्याच्या कागदाचा नंबर घाला. नंबर मिळत नसेल तर कागद आणा, नाहीतर ते वाक्य काढा. आणि जे पत्र शेवटी घातलं त्याची प्रत, फॉर्मसकट, स्वतःकडे ठेवा, एजंटाच्या लॅपटॉपवर सोडू नका. पुन्हा अर्ज करायची वेळ आली तर अधिकाऱ्यापुढे तुमचं जुनं पत्र उघडं असतं, ते तुमच्याही हातात असलं पाहिजे.