सुटून आलेल्या पोराला सरकारी खर्चानं काम शिकवायचंय? आधी त्याचं सिम बघा

सोलापुरात माझं गणवेश शिवायचं युनिट आहे, दहा मशिनींचं. तरुणपणी मी स्वतः तुरुंगात जाऊन आलोय, म्हणून सुटून आलेली पोरं लोक माझ्याकडेच धाडतात. त्यांचे कागद करता करता जे कळलं ते सांगतो.

‘सुटलेल्या कैद्यांसाठी’ अशी पाटी खिडक्या-खिडक्यांवर शोधत फिरू नका. पैसा आहे, पण तो बहुतेक वय, शिक्षण, हुन्नर नाहीतर जातीच्या नावानं ठेवलेला आहे. पोरगं कुठल्या नावात बसतंय ते आधी ठरवा.

त्याच्याही आधी मोबाईल नंबर. सिम महिनोन्‌महिने बंद राहिलं की नंबर दुसऱ्याला जातो, आधारला मात्र जुनाच चिकटलेला असतो. एकाचा अर्ज भरायला बसलो, ओटीपी काही येईना. त्या नंबरावर फोन लावला तर लातूरच्या कुणा बाईनं उचलला. ओटीपीचं नाव काढताच तिनं मला असं झापलं की बस. चूक तिची नव्हतीच. आधार केंद्रात पोराला घेऊन जा, नवा नंबर जोडा. मग बँक. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं. केवायसी देऊन ते चालू करा आणि आधार जोडलंय का ते खिडकीवर विचारा, कारण विद्यावेतन तिथंच पडतं.

बारावी पास असेल तर मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण. 2024 ला योजना आली तेव्हा बारावीला महिना 6,000, आयटीआय-पदविकेला 8,000, पदवीला 10,000 असं ठरलं होतं. वय 18 ते 35. नोंदणी ‘महास्वयं’ या सरकारी संकेतस्थळावर. पण माझ्याकडं येणारी बहुतेक आठवी-नववीत सुटलेली. त्यांच्यासाठी जिल्हा कौशल्य विकास केंद्रात जाऊन कुठली बॅच भरतीय ते विचारा. पोरगं मोहोळ-अक्कलकोटकडचं, खेड्यातलं असेल तर आरसेटी, म्हणजे खेड्यातल्या पोरांना धंदा शिकवणारी बँकेची संस्था, बरी. राहणं-जेवण फुकट, आणि जुने दोस्त तेवढे दिवस लांब राहतात. हा फायदा कुठल्या माहितीपत्रकात लिहिलेला नसतो.

आत असताना शिवण शिकून आलेला आणि आता तेच करून खाणारा असेल, तर पीएम विश्वकर्मा ही कारागिरांची योजना बघा. 18 हुन्नरांत शिंपी आहे. प्रशिक्षणात दिवसाला 500, अवजारांसाठी 15,000 पर्यंत, पुढं 5 टक्क्यांनी पहिलं कर्ज एक लाखापर्यंत. घरातल्या एकालाच मिळतं, भावानं आधी घेतलंय का विचारा.

विमुक्त जातीचं पोरगं असेल तर जातीचा दाखला हाताशी ठेवा, वसंतराव नाईक महामंडळ विमुक्त-भटक्यांसाठीच आहे. आमच्या सेटलमेंटच्या, म्हणजे इंग्रजांनी या जातींना डांबलेल्या वस्तीच्या, म्हाताऱ्यांना 31 ऑगस्ट 1952 ही तारीख तोंडपाठ आहे. त्या दिवशी जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा कायदा गेला. शिक्का जायला वेळ लागतोय. मुळेगाव तांड्यावर 2021 ला ग्रामीण पोलिसांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केलं, हातभट्टी सोडणाऱ्या घरांना दुसरं काम लावून दिलं. पोलीसच काम शोधून देतायत हे आमच्या पिढीला नवलच होतं.

आत जाऊन आल्याचं कुठं सांगायचं? महिला व बालविकास खात्याच्या जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्याकडं (सुटून आलेल्यांचं पुनर्वसन बघणारा) पहिल्या वाक्यातच, सुटकेचा दाखला पुढं ठेवून. शिवणाच्या बॅचला विचारलं नाही तर स्वतःहून सांगू नका, विचारलं तर खोटं बोलू नका. 18 च्या आतलं प्रकरण बाल न्याय मंडळात निकाली निघालं असेल तर कायद्यानं ते सहसा अपात्रता ठरत नाही, पण आपल्या प्रकरणाचं वकिलाला विचारून घ्या.

शेवटचं, हजेरीचं. जामिनावरच्या पोराला कोर्टाच्या तारखा असतात. तारखेच्या कागदाची झेरॉक्स बॅच सुरू होतानाच अर्जासोबत द्या आणि पोच घ्या. माझ्या एका पोरानं तोंडी सांगितलं, हजेरी कमी भरली, परीक्षेला बसू दिलं नाही. पुढच्या बॅचला तो पुन्हा पहिल्या दिवसापासून, कागदावर सरळ टीप मारत बसला.