कॅन्सरच्या ऑनलाइन आधारगटात कसं जावं, काय विचारावं, काय विचारू नये

गटात नाव नोंदवण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा: गटाला काय विचारायचं आणि डॉक्टरांसाठी काय राखून ठेवायचं. तोंड आलेलं असताना घशाखाली काय उतरतं, केस गळायला लागल्यावर लहान मुलांना कसं सांगायचं, रेडिएशन सुरू असताना नोकरी कशी सांभाळायची, या प्रश्नांची उत्तरं त्यातून गेलेल्या माणसांकडे असतात आणि ती बहुतेकदा डॉक्टरांकडे नसतात. कोणतं औषध घ्यायचं, डोस किती, उपचार थांबवायचे का, हे गटाचं काम नाही.

अपेक्षाही नीट ठेवा. आधारगटामुळे आयुष्य वाढतं अशी आशा १९८९ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासाने निर्माण केली होती. स्तनाचा कॅन्सर शरीरात इतरत्र पसरलेल्या २३५ स्त्रियांचा २००१ साली प्रसिद्ध झालेला कॅनडातला अभ्यास मात्र वेगळं सांगतो. आयुष्य वाढलं नाही, पण मनाचा त्रास आणि वेदना कमी झाल्या आणि सुरुवातीला जास्त खचलेल्या स्त्रियांना त्याचा अधिक फायदा झाला. हे दोन्ही अभ्यास समोरासमोर बसणाऱ्या गटांचे होते, तरी गटाकडून काय मागावं याचा अंदाज त्यावरून येतो.

आधी आपला कागद तयार करा

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट काढा आणि एका कागदावर लिहा: कॅन्सर कोणत्या अवयवाचा, पेशींचा प्रकार कोणता, स्टेज (कॅन्सर किती पसरला आहे), ग्रेड (पेशी किती बदलल्या आहेत), चालू औषधांची नावं, उपचाराची कितवी सायकल म्हणजे फेरी. स्तनाचा कॅन्सर असेल तर ईआर, पीआर (पेशींवर हार्मोनचा परिणाम होतो का हे सांगणाऱ्या तपासण्या) आणि हर-२ (पेशींची वाढ घडवणारं एक प्रथिन) पॉझिटिव्ह की निगेटिव्ह हेही लिहा. फुप्फुसाचा असेल तर ईजीएफआर, एएलके या जनुकांच्या तपासण्यांचे निकाल. काही कळलं नाही तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा.

गटातली सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. ‘मलाही हाच होता’ असं कुणी लिहितं, पण नाव सारखं असून आजार वेगळा असतो. हार्मोन-पॉझिटिव्ह (ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह) असलेल्या स्त्रीला हार्मोनविरोधी गोळ्या पाच ते दहा वर्षं चालू राहतात; तिन्ही निगेटिव्ह असतील तर त्या गोळ्यांचा उपयोगच नसतो. मग ‘मला का दिल्या नाहीत’ म्हणून झोप उडते, आणि ती उगाच उडते.

गट निवडताना

शक्यतो आपल्याच प्रकाराचा आणि आपल्याच टप्प्याचा गट शोधा. चौथ्या स्टेजच्या माणसाला ‘उपचार संपले, घंटा वाजवली’ (काही हॉस्पिटलांत उपचार संपल्यावर रुग्ण घंटा वाजवतो) अशा पोस्ट रोज वाचणं जड जातं. काळजी घेणाऱ्या नातेवाइकांचा गट वेगळा असलेला बरा, कारण त्यांना जे मोकळेपणी बोलायचं असतं ते रुग्णासमोर बोलता येत नाही. ब्रिटनमधली मॅकमिलन किंवा अमेरिकन कॅन्सर सोसायटी यांसारख्या कॅन्सर रुग्णांसाठी काम करणाऱ्या मोठ्या संस्था असे समुदाय स्वतः चालवतात.

नाव नोंदवल्यावर पहिले दोन आठवडे नुसतं वाचा. नियम लिहिलेले आहेत का? औषध विकणारी पोस्ट आली तर ॲडमिन ती किती वेळात काढतो? ‘डॉक्टरांना विचारा’ असं सदस्य एकमेकांना सांगतात का? शेवटचा प्रश्न आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हे वाक्य जिथे ऐकू येत नाही, तो गट सोडा.

व्हॉट्सॲपच्या गटात तुमचा फोन नंबर इतर सदस्यांना दिसू शकतो हे लक्षात ठेवा. टोपणनावाने लिहिता येईल असा समुदाय जास्त सुरक्षित. रिपोर्टचा फोटो टाकू नका. नाव झाकलं तरी रुग्ण क्रमांक, बारकोड किंवा क्यूआर कोड उघडा राहतो. हवे ते दोन आकडे हाताने टाइप करा.

प्रश्न कसा मांडावा

‘केमोचा त्रास होतोय, काय करू?’ याला चाळीस उत्तरं येतील आणि एकही कामाचं नसेल. असं लिहा: ‘पॅक्लिटॅक्सेलची तिसरी सायकल होऊन सहा दिवस झाले. बोटांना मुंग्या येतात, शर्टाची बटणं लावता येत नाहीत. डॉक्टरांना सांगितलंय. घरकामात तुम्ही काय बदल केलेत?’ औषध, दिवस, त्रास आणि नेमकं काय हवंय, एवढं आलं की त्याच वाटेने गेलेला माणूस थांबून उत्तर देतो.

आलेल्या उत्तरांतलं जे तोंडाने घ्यायचं, अंगाला लावायचं किंवा थांबवायचं असेल, ते आधी डॉक्टरांना दाखवा. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असं नसतं. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती इमॅटिनिब आणि इरिनोटेकॅन या कॅन्सरवरच्या औषधांचं रक्तातलं प्रमाण कमी करते, म्हणजे औषध घेऊनही ते पुरेसं पोचत नाही. ग्रेपफ्रूटचा रस उलट काही गोळ्यांचं प्रमाण वाढवतो. ‘सगळं सोडून फक्त हे घ्या’ म्हणणाऱ्यांपासून तर दूरच राहा. मूळ उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतलेल्या २८१ रुग्णांच्या एका अमेरिकी अभ्यासात मृत्यूचा धोका अडीच पट आढळला होता. असा माणूस खासगी संदेश पाठवून पैसे किंवा पत्ता मागू लागला की उत्तर न देता ॲडमिनला कळवा.

गटात न विचारता थेट हॉस्पिटल गाठा

केमो चालू असताना ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त झाला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. अनेक औषधांत पांढऱ्या पेशी डोसनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत सगळ्यात खाली जातात आणि तेव्हाचा संसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तापाची गोळीही घेऊ नका, ती ताप झाकते. धाप लागणं, न थांबणारा रक्तस्राव, पाठदुखीबरोबर पाय लुळे पडणं किंवा लघवीवरचा ताबा जाणं, यांतलं काहीही झालं तरी गटात लिहीत बसू नका.

वाचणं झेपेनासं झालं तर

स्कॅनच्या आधीचे दिवस कठीण असतात. तेव्हा गटाच्या सूचना बंद ठेवा आणि ठरावीक वेळी अर्धा तासच उघडा. गटातल्या ओळखीच्या माणसाचं निधन होतं, तेव्हा घरच्या माणसासारखंच दुःख होतं. त्याची लाज वाटू देऊ नका, आणि झोप-जेवण बिघडलं तर समुपदेशकाची भेट घ्या. गट कायमचा सोडायचा असेल तर ॲडमिनला एक ओळ लिहा, नाहीतर लोक काळजीत पडतात. आणि खातं बंद करण्याआधी स्वतःच्या जुन्या पोस्ट काढून टाका. काही ठिकाणी खातं गेलं तरी त्या तिथेच राहतात.