बॅकअपची डिस्क काढून ठेवा: ऑफिसच्या नेटवर्कची पावसाळ्याआधीची तयारी

अँटीव्हायरस, अवघड पासवर्ड, यूपीएस हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. सुरुवात बॅकअपच्या डिस्कपासून करा. बॅकअप झाला की तिची वायर सर्व्हरमधून काढा आणि डिस्क कपाटात ठेवा. लावून ठेवायची नाही. रात्रभर नाही, जेवणाच्या सुट्टीपुरतीही नाही.

मी लावून ठेवली होती. सोमवारी सकाळी ऑफिस उघडलं तेव्हा डिस्कचा निळा दिवा भराभर लुकलुकत होता. बॅकअप चालू असेल असं समजून मी चहाला गेलो. परत येऊन टॅली उघडलं तर एकही कंपनी दिसेना. फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलच्या नावाला अनोळखी अक्षरं चिकटलेली आणि शेजारी खंडणी मागणारी चिठ्ठी. डिस्कवरही तेच. तीन वर्षांचे हिशेब आम्ही छापील बिलांवरून पुन्हा भरले. त्यासाठी अकाउंट्समधल्या दोघीजणी दोन महिने रात्री आठपर्यंत बसत होत्या.

म्हणून दोन डिस्क घ्या आणि आलटून पालटून वापरा. एक ऑफिसच्या कपाटात, दुसरी मालकांच्या घरी. एकाच इमारतीत ठेवलेल्या दोन्ही डिस्क पुरात किंवा आगीत सर्व्हरबरोबरच जातात. २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ वाशिष्ठीच्या पाण्याखाली गेली, तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटाचा काय उपयोग होता? क्लाउडवरचं सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, बिघडलेली फाइलही ते तशीच वर चढवतं. जुन्या आवृत्त्या राखणारी सेवा घ्या. आणि महिन्यातून एकदा वेगळ्या संगणकावर डेटा रिस्टोअर करून शेवटचं बिल दिसतं का ते बघा. न तपासलेल्या बॅकअपवर विसंबू नका.

चोर आत आला तो रिमोट डेस्कटॉपमधून, म्हणजे दुरून ऑफिसचा संगणक चालवायच्या सोयीतून. अकाउंटंटला घरून काम करता यावं म्हणून राउटरवर तिचं दार, म्हणजे ३३८९ पोर्ट, इंटरनेटला उघडं होतं. आजच बंद करा. पोर्टचा नंबर बदलून भागत नाही; व्हीपीएन, म्हणजे ऑफिसपर्यंतची सुरक्षित खासगी जोडणी, घ्या आणि त्याला ओटीपी लावा.

अपडेट पुढे ढकलू नका. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस १२ मे २०१७ ला पसरला, पण विंडोजमधल्या ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. काउंटरवरचा जुना पीसी विसरू नका, तोही त्याच नेटवर्कवर आहे.

रोजचं काम अ‍ॅडमिन लॉगिनने करायचं नाही. नोकरी सोडली की लॉगिन त्याच दिवशी बंद. पाहुण्यांचं वायफाय वेगळं.

सर्व्हर जमिनीवरून उचला, एसीच्या पाइपखाली ठेवू नका. अग्निशामक कार्बन डायऑक्साइडचा.

हल्ला झालाच तर आधी नेटवर्कची केबल उपटा, वायफाय बंद करा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांत कळवावं लागतं, पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. नंबर कागदावर लिहून भिंतीला लावा, कारण संगणक उघडणार नाही. आणि काहीही झालं तरी डेटा वाचतोय का बघायला म्हणून कपाटातली डिस्क त्या मशीनला लावू नका.