पोकर ऑनलाइन कसं शिकावं: तीन पत्तीवाल्यांसाठी होल्डेमची ओळख

गोव्यात पत्ते कुणाला वेगळे शिकवावे लागत नाहीत. चवथीच्या रात्री आरत्या आटोपल्या की सतरंजी पसरली जाते आणि रमी नाहीतर तीन पत्ती सुरू होते. पोकर मात्र आपल्याकडे मांडवीतल्या कॅसिनोच्या जहाजांपुरता राहिला. तिथेही बाहेरून आलेल्या एकवीस वर्षांवरच्या पाहुण्यांनाच मुभा. गोंयकारांना कॅसिनोत खेळायला 1 फेब्रुवारी 2020 पासून बंदी आहे. म्हणजे पणजीच्या धक्क्यावर उभं राहून दिवे बघायचे, आणि खेळ शिकायचा तो मोबाइलवर.

मोबाइलवरचंही चित्र आता बदललं आहे, म्हणून आधी तेवढं समजून घ्या. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, तो पुरवायला देशभर मनाई झाली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाराही सुटत नाही, आणि बँकांनी त्याचे व्यवहार करायचे नाहीत. नुसतं खेळणाऱ्याला शिक्षा नाही. तोवर ‘पोकर हा कौशल्याचा खेळ’ या मुद्द्यावर चाललेल्या पोकरबाजी, अड्डा52 यांसारख्या अ‍ॅपनी पैशांची टेबलं लगेच बंद केली. फुकटच्या चिप्सवर खेळायला अडचण नाही. हा लेख त्याच खेळाबद्दल आहे.

परदेशी साइटवर पैसे भरा असं सांगणारी लिंक टेलिग्राम किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आली, तर ती उघडूही नका. तिथे पैसे अडकले तर तक्रार करायला दार नाही.

1. अ‍ॅप निवडा

प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरवरूनच घ्या. ‘टेक्सास होल्डेम’ (पोकरचा आपण इथे शिकतोय तो प्रकार) आणि ‘प्ले मनी’ (फुकटच्या चिप्स) असं स्पष्ट लिहिलेलं हवं. फुकटच्या खेळाला पॅन कार्ड लागत नाही, बँकेचा तपशील तर नाहीच. अ‍ॅप तो मागत असेल तर काढून टाका. बहुतेक अ‍ॅप चिप्स संपल्या की नव्या ‘विकत’ घ्यायला सुचवतात. त्या चिप्सचे पैसे परत कधीच होत नाहीत, म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन खरेदीला पासवर्ड लावून ठेवा. घरात मुलं फोन घेत असतील तर हे आजच करा.

2. पानांची किंमत नव्याने पाठ करा

तीन पत्ती खेळणारा अडखळतो तो इथेच. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला मारतो. पोकरमध्ये उलट: कलर, म्हणजे फ्लश, हा सिक्वेन्सपेक्षा, म्हणजे स्ट्रेटपेक्षा, मोठा. हा कुणाच्या लहरीचा नियम नाही, हिशोब आहे. तीन पानांत साधे सिक्वेन्स 720 प्रकारे जमतात आणि कलर 1,096 प्रकारे, म्हणून सिक्वेन्स दुर्मीळ. पाच पानांत स्ट्रेट 10,200 प्रकारे होतो आणि फ्लश फक्त 5,108 प्रकारे. जे कमी वेळा जमतं ते मोठं. (तीन पत्ती स्वतः हा नियम शेवटपर्यंत पाळत नाही. ट्रेल 52 आणि प्युअर सिक्वेन्स 48 प्रकारे होतो, तरी ट्रेलच वरचढ. पण तो वाद चवथीच्या रात्रीसाठी ठेवू.)

मोठ्याकडून लहानाकडे क्रम असा: रॉयल फ्लश (एका रंगाची दश्शीपासून एक्क्यापर्यंत), स्ट्रेट फ्लश (एका रंगाचा सिक्वेन्स), चार सारखी पानं, फुल हाउस (तीन सारखी आणि एक जोडी), फ्लश, स्ट्रेट, तीन सारखी, दोन जोड्या, एक जोडी, आणि काहीच नसेल तर सर्वांत मोठं पान. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर सगळे सारखेच. बरोबरी झाली तर पॉट, म्हणजे मध्ये जमलेल्या चिप्स, वाटून घ्यायचा.

3. एक डाव कसा चालतो

प्रत्येकाला दोन पानं उलटी मिळतात. मध्ये सगळ्यांसाठी पाच पानं उघडतात: आधी तीन एकदम, तो फ्लॉप, मग एक, तो टर्न, मग शेवटचं, रिव्हर. तुमची दोन आणि मधली पाच, या सातांतली सर्वोत्तम पाच पानं म्हणजे तुमचा हात. तुमची दोन्ही पानं वापरा, एकच वापरा, किंवा एकही वापरू नका, चालतं.

पानं वाटल्यावर, फ्लॉपनंतर, टर्ननंतर आणि रिव्हरनंतर अशा चार वेळा बोली होते. डीलरचं बटण दर डावाला एक जागा पुढे सरकतं. त्याच्या डावीकडचे दोघे पानं बघण्याआधीच ठरलेली रक्कम टाकतात, ती स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड. तुमची पाळी आली की पडद्यावर बटणं येतात: फोल्ड म्हणजे पानं टाकणं, चेक म्हणजे काही न लावता पुढे जाणं, कॉल म्हणजे समोरच्याइतकं लावणं, रेज म्हणजे वाढवणं. ‘ऑल-इन’चं, म्हणजे सगळ्या चिप्स लावायचं, बटण बोटाला चुकून लागू शकतं. सेटिंगमध्ये ‘विचारून घ्या’ असा पर्याय असला तर चालू ठेवा.

प्रत्येक पाळीला घड्याळ लागलेलं असतं. पावसाळ्यात सत्तरी-सांगेकडे वीज गेली, वाय-फाय बंद पडला, की अ‍ॅप तुमच्यासाठी थांबत नाही. वेळ संपली की फुकट पुढे जाता येत असेल तिथे चेक करतं, नाहीतर तुमची पानं टाकतं. स्पर्धा खेळत असाल तर मोबाइल डेटा तयार ठेवा.

4. खेळण्यापेक्षा टाकायला शिका

दोन पानांच्या 1,326 जोडण्या होतात. हातात जोडी येण्याची शक्यता सतरात एक, एक्क्यांची जोडी 221 डावांत एकदा. म्हणजे बहुतेक वेळा हातात कचराच असतो. सुरुवातीला दहातले आठ डाव पहिल्याच बोलीत सोडा. कंटाळा येईल. येऊ दे.

काय ठेवायचं ते जागेवर अवलंबून. आधी बोलावं लागत असेल तर अठ्ठीच्या वरच्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी, एका रंगाचे राजा-राणी, एवढ्यावर थांबा. बटणावर बसला असाल आणि पुढच्यांनी पानं टाकली असतील तर लहान जोड्या, एका रंगाचा एक्का आणि कुठलंही पान, एका रंगाचे दश्शी-गुलाम, हेही चालतं. शेवटी बोलणाऱ्याला सगळ्यांची चाल आधी दिसते, हा फायदा चांगल्या पानांइतकाच मोलाचा.

5. एका डावाचा हिशोब

ब्लाइंड 10 आणि 20. तुम्ही बटणावर, हातात इस्पिकचा एक्का आणि इस्पिकची दश्शी. सगळे टाकतात, तुम्ही 60 करता, स्मॉल ब्लाइंडवाला जातो, बिग ब्लाइंडवाला कॉल करतो. पॉट 130.

फ्लॉप: इस्पिकची राणी, इस्पिकची चौकी, बदामची सत्ती. समोरचा 65 लावतो. पॉट झाला 195, तुम्हाला घालायचे 65. म्हणजे 260 च्या पॉटमध्ये तुमचा वाटा 65, चौथा हिस्सा. चारांतून एकदा तरी जिंकत असाल तर कॉल परवडतो. आता मोजा. इस्पिकची चार पानं दिसताहेत, नऊ उरली. एक्का आला तरी बहुधा पुढे जाल, ते आणखी तीन. झाली बारा पानं. पुढच्या एका पानाचा अंदाज हवा तर पानांची संख्या गुणिले दोन: 24 टक्के. जवळजवळ बरोबरीत, शिवाय फ्लश जमला तर पुढे आणखी मिळण्याची आशा. कॉल करा. (दोन्ही पानं आणखी पैसे न लावता बघायला मिळणार असतील तरच गुणिले चार करायचं. नवखे नेहमी चारनेच गुणतात आणि हरतात.)

टर्नला येते चौकटची दुर्री, तुमच्या काही कामाची नाही. पॉट 260, आणि समोरचा पूर्ण 260 लावतो. आता 780 मध्ये तुमचे 260, म्हणजे 33 टक्के हवेत. तुमच्याकडे तेच 24. पानं टाका. हातात इस्पिकचा एक्का असताना हे जड जातं, पण पोकर शिकणं म्हणजे बरंचसं हेच.

6. फुकटच्या टेबलाचा तोटा

फुकटच्या चिप्सवर लोक बेफिकीर होतात. सत्ती-दुर्रीवर ऑल-इन करणारा टेबलाला एक तरी भेटतोच. अशांपुढे ब्लफ करणं वेडेपणा, कारण ते पानं टाकतच नाहीत. चांगली पानं येईपर्यंत थांबा आणि मग पूर्ण किंमत लावा. साध्या टेबलाऐवजी सहा किंवा नऊ जणांची छोटी फुकट स्पर्धा, ‘सिट अँड गो’, निवडा. तिथे चिप्स संपल्या की माणूस बाहेर, म्हणून लोक जरा जपून खेळतात आणि तुम्हाला खरा सराव मिळतो. अ‍ॅपमध्ये ‘हँड हिस्टरी’, म्हणजे खेळलेल्या डावांची नोंद, असेल तर हरलेला एखादा मोठा डाव उघडून वरचा हिशोब पुन्हा करा. जिंकलेले डाव बघून फारसं कळत नाही.

7. आपल्या माणसांचं टेबल

हा भाग मला सर्वांत आवडतो. ब्राउझरमध्ये खासगी टेबल उघडून लिंक पाठवता येईल अशा फुकट साइट आहेत. फोंड्याचा चुलतभाऊ, मुंबईची आतेबहीण, दुबईतला मामा, सगळे एका टेबलावर येतात. सोबत व्हॉट्सअ‍ॅप कॉल लावून ठेवा. प्रत्येकाला 2,000 चिप्स द्या, ब्लाइंड 10-20 पासून सुरू करा आणि दर पंधरा मिनिटांनी दुप्पट करा. दोन तासांच्या आत खेळ आटोपतो. चिप्सना पैशांचा भाव लावायचा नाही हे सुरुवातीलाच ठरवा, ‘फक्त शंभर-शंभर रुपये’ असंही नाही.

खेळात कुणी फारच अडकतंय, झोप किंवा पगार जातोय असं दिसलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा फुकट नंबर आहे, आणि बांबोळीचं मानसोपचाराचं इस्पितळ, आयपीएचबी, तर गोव्यात सगळ्यांना माहीत आहे.