अल्फा कण किती जवळ पोचतो? प्रभारांची गणिते ऊर्जेच्या हिशेबाने

सोन्याच्या अणुकेंद्रकावर ७.७ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा अल्फा कण (हेलियमचे केंद्रक) थेट समोरून आला, तर तो किती अंतरावरून माघारी फिरेल, हे काढताना बरेच विद्यार्थी कूलोमच्या बलापासून, म्हणजे दोन प्रभारांमधील विद्युत बलापासून, सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. कारण अंतरासोबत बल बदलते, बलासोबत त्वरण बदलते आणि स्थिर त्वरणाची समीकरणे निरुपयोगी ठरतात. किती वेळ लागला हे विचारलेले नसून केवळ अंतर किंवा वेग हवा असेल, तर ऊर्जेचा हिशेब मांडावा.

कण फार दूर असताना स्थितिज ऊर्जा शून्य धरावी. केंद्रक जागचे हलत नाही असे मानले, तर सर्वांत जवळच्या बिंदूपाशी कण क्षणभर थांबतो आणि सगळी गतिज ऊर्जा स्थितिज झालेली असते. दोन प्रोटॉनांमधील अंतर १ फेम्टोमीटर (१०⁻¹⁵ मीटर) असताना स्थितिज ऊर्जा १.४४ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट भरते, एवढी एक संख्या पाठ असावी. येथे अल्फा कणाचा प्रभार २ प्रोटॉनांइतका आणि सोन्याच्या केंद्रकाचा ७९ प्रोटॉनांइतका, म्हणून २ × ७९ × १.४४ म्हणजे सुमारे २२७.५, त्याला ७.७ ने भागले की २९.५ फेम्टोमीटर मिळतात. (स्थितिज ऊर्जा काढताना प्रभारांच्या गुणाकाराला भागायचे ते अंतराने, अंतराच्या वर्गाने नव्हे, ही चूक सवयीने होते.) रदरफोर्ड यांनी १९११ साली मध्यवर्ती प्रभार १०० धरून हेच अंतर सुमारे ३४ फेम्टोमीटर काढले होते.

समोरचा कणही मोकळा असेल, तर मात्र 'क्षणभर थांबतो' हे विधान चुकीचे ठरते. सर्वांत जवळ असताना दोघांचा वेग सारखा असतो, शून्य नव्हे, आणि तो संवेगाच्या अक्षय्यतेवरून काढावा लागतो. सोन्याच्या बाबतीत यामुळे अंतरात जेमतेम २ टक्के फरक पडतो. पण स्थिर, मोकळ्या प्रोटॉनवर दुसरा प्रोटॉन धाडला, तर निम्मी ऊर्जा गतिजच राहते आणि अंतर दुप्पट होते.

प्रभार तीन असतील, तर ऊर्जा कणागणिक न मोजता जोडीगणिक आणि प्रत्येक जोडी एकदाच मोजावी. १ नॅनोमीटर (दहा लाख फेम्टोमीटर) बाजूच्या समभुज त्रिकोणाच्या शिरोबिंदूंवर तीन प्रोटॉन ठेवले, तर प्रत्येक जोडीची १.४४ आणि तीन जोड्यांची मिळून ४.३२ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा होते. तिघांना एकदम सोडल्यास सममितीमुळे प्रत्येकाच्या वाट्याला अखेर १.४४ येते, दोघांना धरून ठेवून एकालाच सोडले, तर त्याला २.८८ मिळते, कारण धरलेल्या जोडीची ऊर्जा आधी आणि नंतर तेवढीच राहते.