जुन्या फिल्म कॅमेऱ्याची बॅटरी वायर दुरुस्त करताय? या चुका टाळा

यशिका इलेक्ट्रो 35 मध्ये सेल घातला, चेकचं बटण दाबलं, दिवा लागला नाही, की बहुतेक जण पॉलिश पेपर घेऊन कप्प्यातली पट्टी घासायला बसतात. पट्टी चकचकीत होते, दिवा तसाच बंद. कारण बिघाड अनेकदा पट्टीच्या मागच्या वायरीत असतो. गळलेल्या सेलचा क्षार इन्शुलेशनच्या आतून तांब्याच्या तारांवर चढत जातो. वायर बाहेरून ठणठणीत दिसते, टोकाशी जरा सोलली की आत हिरवी-काळी भुकटी निघते.

शटर वाजतंय म्हणजे करंट पोहोचतोय, असंही समजू नका. हा कॅमेरा सेलशिवायही क्लिक होतो, फक्त दर वेळी 1/500 सेकंदावर, म्हणजे शटर क्षणभरच उघडतं. घरात फोटो काढले तर अख्खा रोल काळोखा येतो.

सगळ्यात फसवा असतो वायर अखंड आहे असं सांगणारा मल्टीमीटरचा बीप. वायरीतल्या दोनच तारा शाबूत असल्या तरी तो वाजतो. म्हणून मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, सेल आत असताना एक पिन वायरीच्या अलीकडच्या टाक्यावर (सोल्डरने जोडलेल्या जागेवर) आणि दुसरी पलीकडच्या टाक्यावर लावा, आणि मग चेकचं बटण दाबा. आकडा शून्याजवळ राहिला तर वायर चांगली. अर्धा व्होल्ट दिसला तर तो वायरीतच खर्च होतोय. कॅमेऱ्यातलं दुसरं काहीही उघडण्याआधी ही तपासणी कराच.

काळ्या पडलेल्या तारेवर सोल्डर बसत नाही, नुसता गोळा होऊन घरंगळतो. अशा वेळी लोक सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ टेकवून ठेवतात आणि प्लॅस्टिकचा कप्पा वितळवतात. त्यापेक्षा वायर पूर्ण बदला. बारीक, मऊ, बहुतारी वायर घ्या, टोकाला आधीच सोल्डर चढवा आणि दोन सेकंदांत टाका मारा. सोल्डर नीट चिकटावं म्हणून लावायचा फ्लक्स रोझिनचाच हवा, नळकामाची आम्लाची पेस्ट वापरली तर टाका पुन्हा सडेल. कापण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, कारण पन्नास वर्षांत रंग उडालेल्या वायरींवरून प्लस-मायनस ओळखता येत नाही. क्षार पुसायला व्हिनेगर इअरबडवर घ्या, कप्प्यात ओतू नका. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळू द्या.

सेलचं म्हणाल तर इलेक्ट्रोचा मूळ पाऱ्याचा सेल 5.6 व्होल्टचा होता. 6 व्होल्टचा 4एलआर44 चालतो, पण तो बुटका आणि बारीक असल्याने अॅडॅप्टर घ्या. उरलेल्या जागेत चांदीचा कागद कोंबला तर शॉर्ट होण्याचा धोका असतो. कॅननेट क्यूएल17 या कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी. त्याचं उजेड मोजणारं मीटर 1.35 व्होल्टवर बेतलेलं आहे, दीड व्होल्टच्या अल्कलाइन सेलवर एक्स्पोजर चुकतं. श्रवणयंत्राच्या दुकानात मिळणारा 675 नंबरचा 1.4 व्होल्टचा झिंक-एअर सेल त्याला बराच जवळचा.

कपाटातला यशिका एमएफ-2 मात्र अशा उत्साहात उघडू नका. त्यात फ्लॅश आहे. पेन्सिल सेल काढले तरी फ्लॅशची वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट शिल्लक असू शकतात. तो डिस्चार्ज करणं ज्याला येतं, त्याच्याकडेच द्या.