लोकप्रतिनिधीचा गौरव करायचाय? सुरुवात इतिवृत्तांपासून करा

निष्ठावान, कर्तव्यदक्ष, जनतेच्या सुखदुःखात धावून जाणारे. ही विशेषणं कुणालाही लावता येतात, आणि म्हणूनच ती कुणाचीच नसतात. ज्या बाईंनी किंवा बुवांनी पंधरा वर्षं स्थानिक सभागृहात काढली, मध्यरात्री फोन उचलले, कंटाळवाण्या बैठकांना शेवटपर्यंत बसून राहिले, त्यांच्या हाती नाव बदललं तरी दुसऱ्याला खपेल असं मानपत्र द्यायचं, हे मला फार लागतं. खरा गौरव म्हणजे त्यांनी नेमकं काय केलं हे शोधून काढणं आणि ते नीट लिहून ठेवणं. त्यासाठी तीन-चार महिने हाताशी हवेत.

पहिली पायरी: वेळ निवडा

निवडणुकीच्या तोंडावर सत्कार करू नका. हेतू कितीही निर्मळ असला तरी तो प्रचार दिसतो, आणि आचारसंहितेचा भंगही ठरू शकतो. सर्वांत चांगली वेळ म्हणजे पदावरून उतरल्यानंतरचे काही महिने. तेव्हा त्यांच्याकडून कुणाचं काही काम व्हायचं नसतं, त्यामुळे जो येतो तो मनापासून येतो. एखादी चौकशी किंवा खटला चालू असेल तर निकालापर्यंत थांबा.

खर्चासाठी लहान लहान वर्गण्या घ्या आणि हिशेब सर्वांना दाखवा. त्यांच्या काळात कंत्राटं मिळालेल्यांचे पैसे घेऊ नका, अगदी आग्रह झाला तरी. आणि सगळं ठरवण्याआधी त्या व्यक्तीला विचारा. काहींना व्यासपीठ नकोसं वाटतं. त्यांच्यासाठी वीस माणसांची बैठकही पुरते.

दुसरी पायरी: नोंदी वाचा

खरं काम इथे आहे. सभांची इतिवृत्तं, ठरावांची नोंदवही, अंदाजपत्रकं, वार्षिक अहवाल आणि स्थानिक वर्तमानपत्रांचे जुने अंक एवढं जमवा. सरळ मागून मिळालं नाही तर माहितीच्या कायद्याचा आधार घ्या. भारतात २००५च्या माहिती अधिकार कायद्यानुसार साधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं, पण अपिलाची वेळ आली तर महिने जातात. म्हणून अर्ज सगळ्यात आधी टाका.

मग एक वही घ्या आणि प्रत्येक कामापुढे चार रकाने आखा: विषय पहिल्यांदा कुणी मांडला, ठराव कधी झाला, पैसे कधी मंजूर झाले, काम कधी पूर्ण झालं. हे चार प्रसंग क्वचितच एकाच कारकिर्दीत येतात. एकाने मागणी लावून धरलेली असते, दुसऱ्याच्या काळात निधी येतो आणि फीत तिसराच कापतो. एका सत्काराच्या वेळी आम्ही ही खातरजमा केली नाही. पाण्याच्या टाकीचं सगळं श्रेय आम्ही सत्कारमूर्तींना देऊन टाकलं. त्यांनी उत्तराच्या भाषणात पहिल्याच वाक्यात सांगितलं की टाकी आधीच्या सदस्यांच्या प्रयत्नांची, मी फक्त जोडणी करून घेतली. ते मोठ्या मनाचे होते म्हणून निभावलं, पण आधीच्या सदस्यांचं कुटुंब समोर बसलं होतं. त्या दिवसापासून चार रकाने भरल्याशिवाय मी एकही वाक्य लिहीत नाही.

इतिवृत्तांत आणखी काही सापडतं, जे कुठल्याही फलकावर नसतं. किती सभांना ते हजर होते, कोणते प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, कधी आपल्याच गटाविरुद्ध मत नोंदवलं. त्यांनी अडवलेली कामंही शोधा. एखादं मैदान विकलं गेलं नाही, एखादी शाळा बंद झाली नाही, याचं उद्घाटन कधीच होत नाही.

तिसरी पायरी: माणसांशी बोला

कार्यालयातले लिपिक, सफाई कर्मचारी, विरोधी बाकावरचे सदस्य, आणि ज्यांचं काम झालं नाही असे एक-दोन नागरिक. शेवटच्यांना वगळू नका. ‘नाही’ कसं सांगितलं, यावरून लोकप्रतिनिधी कळतो. ‘ते कसे होते?’ असं विचारलं की पुन्हा विशेषणंच मिळतात. त्याऐवजी विचारा, ‘तुम्ही त्यांच्याकडे काय घेऊन गेला होता आणि मग काय झालं?’

एक काळजी मात्र घ्या. लोक आजारपण, कर्ज, घरातली भांडणं, पोलिसांची भानगड असं खूप काही घेऊन त्यांच्याकडे गेलेले असतात. स्पष्ट परवानगीशिवाय त्यातलं काहीही व्यासपीठावरून सांगायचं नाही.

चौथी पायरी: मानपत्र लिहा

तीनशे शब्दांच्या आत लिहा. ते मोठ्याने वाचायला अडीच-तीन मिनिटं लागतात, त्यापुढे लोक चुळबुळायला लागतात. ‘आपण वॉर्डाचा सर्वांगीण विकास केला’ हे वाक्य काढून टाका. ‘नाल्यावरच्या पुलाचा विषय आपण सलग तीन अंदाजपत्रकांत मांडला, दोनदा तो फेटाळला गेला, तिसऱ्यांदा मंजूर झाला’ हे ठेवा. मसुदा कार्यालयातल्या एखाद्या जुन्या कर्मचाऱ्याला दाखवा. सनावळी आणि नावांचं शुद्धलेखन दोन वेगवेगळ्या माणसांकडून तपासून घ्या.

पाचवी पायरी: गौरवाचं रूप ठरवा

शक्य असेल तर सभागृहाकडून आभाराचा ठराव मंजूर करून घ्या, म्हणजे तो कायमच्या नोंदीत राहतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९७२च्या स्थानिक शासन कायद्याने याची पद्धतच घालून दिली आहे. माजी सदस्याला ‘मानद ऑल्डरमन’ हा सन्मानाचा किताब द्यायचा तर त्यासाठी खास सभा बोलवावी लागते आणि मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश सदस्यांचा पाठिंबा लागतो. पदावर असलेल्याला हा मान मिळत नाही, हे मला विशेष पटतं. अमेरिकेत काँग्रेसचे, म्हणजे तिथल्या संसदेचे, सदस्य आपल्या मतदारसंघातल्या स्थानिक पदाधिकाऱ्यांविषयीचे गौरवपर उद्गार ‘काँग्रेशनल रेकॉर्ड’ या अधिकृत दस्तऐवजात नोंदवतात.

रस्त्याला किंवा इमारतीला हयात व्यक्तीचं नाव देण्याची घाई करू नका. स्पेन्सर क्लार्क या अमेरिकी अधिकाऱ्याचा चेहरा पाच सेंटच्या नोटेवर झळकला, तेव्हा एवढा गदारोळ झाला की १८६६मध्ये हयात व्यक्तींची चित्रं चलनावर छापायला कायद्याने बंदी आली. नामकरणाचे स्थानिक नियम आधी पाहा. व्यक्ती अजून पदावर असेल तर भेटवस्तूंचे नियमही पाहा.

सहावी पायरी: समारंभ

दीड तास पुरे. वक्ते चारच, त्यातला एक विरोधी गटातला. घरच्यांचा उल्लेख नावानिशी करा, कारण त्या सगळ्या बैठकांच्या वेळी घर त्यांनीच सांभाळलेलं असतं. सर्वांत जास्त वेळ सत्कारमूर्तींना द्या आणि त्यांचं भाषण ध्वनिमुद्रित करा.

दुसऱ्या दिवशी वही, कागदपत्रांच्या प्रती, मुलाखती आणि ध्वनिमुद्रण एकत्र करून, वर अनुक्रमणिका लावून स्थानिक ग्रंथालयात द्या. ज्या मुलाखतींना परवानगी नाही त्या त्यातून आधी काढा. वहीत चौथा रकाना रिकामा राहिलेली कामं असतीलच. त्यांची वेगळी यादी करा आणि ती नव्या लोकप्रतिनिधीच्या हातात नेऊन द्या.